हप्त्याची माती

वैजिनाथ बप्पा आमच्या घरी आले की पाणी मागतात, पण स्वतःसाठी नाही. माझी बायको सुनीता तांब्या-भांडं घेऊन येते. बप्पा भांडं बाजूला ठेवतात, तांब्या उचलतात, सरळ मागच्या दारी जातात आणि आमच्या लिंबाच्या कुंडीत ओततात. मग कुंडीसमोर उकिडवे बसून मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपाशी धरतात. कुंडीच्या बुडातल्या भोकातून पहिला थेंब पडेपर्यंत ते कुणाशी बोलत नाहीत, चहाला हात लावत नाहीत आणि स्वतः घोटभर पाणी पीत नाहीत. कुणी आग्रह केलाच तर 'आधी तिचं उतरू द्या' एवढंच म्हणतात. थेंब पडला की किती वेळ लागला ते जाहीर करतात आणि उठता उठता म्हणतात, "हां, आता आना पाणी."

माझा मेहुणा पहिल्यांदा आमच्याकडं आला तेव्हा नेमका बुधवार, म्हणजे बप्पांचा आमच्याकडं यायचा वार होता. हा कोण माणूस न बोलता आत शिरला आणि घड्याळ लावून बसला, हे त्याला कळेना. नगरपालिकेचं कुणीतरी पाण्याची तपासणी करायला आलंय असं समजून तो आत गेला आणि बनियनवर शर्ट घालून आला. मग तोही बप्पांच्या शेजारी अदबीनं उभा राहिला. थेंब पडल्यावर बप्पांनी त्याला सांगितलं, "एकोणचाळीस." त्यानंही मान डोलवली.

बप्पा माझ्या आयुष्यात आले ते माझ्या फजितीमुळं. मी धाराशिवच्या एका ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवतो. मृदा हा धडा मी एकोणीस वर्षं शिकवतोय. 'काळी मृदा ओलावा धरून ठेवते, वाळल्यावर तिला भेगा पडतात' हे वाक्य मी इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. पोरं त्याच्याखाली रेघ मारतात आणि परीक्षेत तेच लिहितात. आणि अशा माणसानं टबात लिंबू लावायचं ठरवल्यावर काय केलं? परंड्याला जाऊन आपल्या रानातली काळी माती दोन पोती भरून आणली.

आमच्या जिल्ह्यात काळ्या मातीला कुणी नाव ठेवलेलं खपत नाही. पोराला कमी मार्क पडले तर माणूस कबूल करतो, पण आपलं रान हलकं आहे हे कबूल करत नाही. माझ्या भावानं विहिरीजवळची, त्याच्या मते सोन्यासारखी, माती काढून दिली. मी ती एसटीत घातली. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून विचारलं, काय आहे. मी म्हटलं, माती. तो माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "का ओ, धाराशिवला माती न्हाय व्हय?" मी म्हटलं, आमच्यासारखी नाही. बसमधले चार-दोन लोक वळून बघायला लागले आणि मला वाटलं, आदरानंच बघतायत.

चार महिन्यांत लिंबू पिवळं पडलं. मी पाणी वाढवलं. पानं गळायला लागली. मी शेणखत घातलं. वरची माती तडकून तिला अशा भेगा पडल्या की वर्गातली फूटपट्टी निम्मी आत जायची. पाणी घातलं की ते भेगेतून आणि टबाच्या कडेनं भसाभस खाली यायचं आणि मी खूश व्हायचो, की वा, निचरा उत्तम आहे. अशाच एका खुशीच्या सकाळी कंपाउंडच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. डोक्यावर पांढरी टोपी, कपाळावर आडवा भस्माचा पट्टा. आमच्या गल्लीतच तीन घरं सोडून राहणारे वैजिनाथ बप्पा.

"सर," ते म्हणाले, "लिंबाला भित्तीत चिणलंय काय तुमी?"

मी काही बोलायच्या आत ते आत आले आणि त्यांनी टब आडवा केला. आतून मातीचा आख्खा गोळा टबाच्या आकारात बाहेर आला. बुडाशी मुळं काळी पडली होती आणि गटारीचा वास येत होता. बप्पांनी तो वास आधी मला घ्यायला लावला, मग सुनीताला बोलावून तिलाही. त्यांनी मातीला मात्र दोष दिला नाही. ते म्हणाले, "माती वाईट न्हाय. ती रानातली हाय. रानात तिच्या खाली रान असतंय. इथं खाली काय हाय? टब." एकोणीस वर्षांत मला जे सुचलं नव्हतं ते या माणसानं दोन वाक्यांत सांगितलं, आणि मला ते वहीत लिहून घ्यावंसं वाटलं. लिहून घेतलंही.

बप्पा बांधकाम खात्यात रस्त्याच्या कामावर मुकादम होते. येरमाळ्यापासून पुढं कितीतरी रस्त्यांवर ते रोलरच्या मागं चालले आहेत. खडी, मुरूम, कच, चाळणी, थर हीच त्यांची भाषा. "बत्तीस वर्षं माती दाबली सर," असं ते अधूनमधून म्हणतात, "आता मोकळी करायलोय." रिटायर झाल्यावर त्यांनी कुंडीतल्या फळझाडांच्या मातीचा ध्यास घेतला. झाडांचा नाही, मातीचा. हा फरक मला फार उशिरा कळला.

मला वाटलं होतं, ते मला एक प्रमाण सांगतील, मी ते कालवीन, झालं. पण बप्पा म्हणाले, "झाड नंतर. आधी माती." आणि त्यांनी माझ्या मागच्या दारी एक कोरी कुंडी मांडली. कोरी म्हणजे मातीनं भरलेली, पण झाड नसलेली. तिच्यात काय काय होतं ते सांगतो. क्रशरवरचा कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, दोनदा चाळून भुकटी काढलेला. वर्षभर कुजवलेली सोयाबीनची गुळी, म्हणजे मळणीचा भुसा. तुरकाठ्यांचा कोळसा, बोटाच्या पेराएवढा फोडलेला. आणि शेळीच्या लेंड्या, त्याही उस्मानाबादी शेळीच्या. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळीचं अजून तेच आहे, आणि बप्पांच्या मते लेंड्यांत काही फरक पडलेला नाही. माझी परंड्याची काळी माती त्यांनी वाळवून, कुटून, चाळून वर थोडी भुरभुरली, भाजीत मीठ घालावं तेवढी. मला वाईट वाटू नये म्हणून घातली असावी.

या कोऱ्या कुंडीला दर बुधवारी पाणी घालायचं आणि बघत बसायचं. आठवडे गेले. येणारा जाणारा विचारायचा, सर काय लावलंय? मी सांगायचो, काही नाही. त्यावर लोक जे बघायचे ते कंडक्टरच्याच नजरेनं. बप्पा प्रत्येक बुधवारी मूठभर माती काढून माझ्या हातात दाबायचे आणि विचारायचे, "हात काय म्हनतोय?" मूठ दाबली की लाडू व्हायला हवा आणि बोटानं टोचला की त्याचे दोन-तीन तुकडे व्हायला हवेत. पीठ झालं तर चूक, लाडू तसाच राहिला तरी चूक. मी दर वेळी चुकीचं उत्तर द्यायचो. "सर नापास," म्हणून बप्पा कच काढायचे किंवा घालायचे. मग कुंडीत बोट खुपसून विचारायचे, वरची माती कोणत्या दिवशी वाळली, शुक्रवारी का शनिवारी? मला आठवायचं नाही. सुनीताला आठवायचं. बप्पांचा आमच्या घरात विश्वास होता तो तिच्यावरच.

शेवटी एका बुधवारी त्यांनी कुंडीत बोट घातलं, समोर बघत राहिले आणि म्हणाले, "जमली. बरूबर जमली. आता लावा लिंबू." आम्ही लिंबाचं नवं रोप लावलं. एक अट होती. पाणी बप्पाच घालणार, आम्ही हात लावायचा नाही. चाचणीचा तांब्या आधी, आणि मग सुनीतानं तांदूळ-भाज्या धुऊन साठवलेलं बादलीभर पाणी. आमच्याकडं नळाला पाणी येतं तो सण असतो, त्यामुळं झाडाला आठवड्यातून एकदाच पाणी लागतं म्हटल्यावर आम्ही खूश. आमच्या भागात अशी सहा घरं होती. डॉक्टरीणबाईंचं डाळिंब, फोटो स्टुडिओवाल्याचा पेरू, अशी बप्पांची गिऱ्हाइकं. गिऱ्हाइकं म्हणायचं एवढंच, बप्पा कुणाकडून चहापलीकडं काही घेत नव्हते. दोन वर्षांत लिंबाला फळं लागली. मी ती स्टाफरूममध्ये नेऊन वाटली आणि मातीच्या निचऱ्यावर दोन तासिका होतील एवढं बोललो. बप्पांचं नाव त्यात एकदाच आलं, तेही कुणीतरी विचारल्यावर.

मग यंदाच्या उन्हाळ्यात कृषी प्रदर्शन भरलं. तिथं एका स्टॉलवर मला कुंडीसाठीच्या तयार मातीची पिशवी दिसली. चकचकीत, वर संत्र्याचं चित्र, आणि खाली लिहिलेलं, 'एकदा पाणी घाला, पंधरा दिवस निश्चिंत राहा.' आम्हाला सुट्टीत पंधरा दिवस परंड्याला जायचंच होतं. बप्पांना उन्हातान्हात रिकाम्या घरी कशाला यायला लावायचं, असा मी विचार केला. असं मी सुनीताला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. दोन वर्षं मी मुठीच्या परीक्षेत नापास होत होतो आणि मला एकदा तरी पास व्हायचं होतं. सुनीता म्हणाली, बप्पांना विचारा आधी. मी म्हटलं, विचारायचं कशाला, थक्क करू त्यांना. आणि एका सकाळी गुडघे टेकून, कंबर धरून, मी लिंबू त्या पिशवीतल्या मातीत हलवलं.

बुधवारी बप्पा आले. तांब्या ओतला, घड्याळ लावलं. थेंब वेळेत पडला. त्यांनी मूठभर माती काढली, दाबली, टोचली. लाडूचे अगदी तीन तुकडे झाले. मी कधी नव्हे ते त्यांनाच विचारलं, "बप्पा, हात काय म्हणतोय?"

त्यांनी तुकडे परत कुंडीत ठेवले. "चांगली हाय," म्हणाले. "माझ्यापरीस चांगली हाय, सर."

मी एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी त्यांना पिशवीवरची पंधरा दिवसांची ओळ वाचून दाखवली आणि म्हणालो, "म्हणजे आता तुम्हाला दर बुधवारचा हेलपाटा नाही. सुटलात." बप्पा हसले. त्यांनी नळावर हात धुतले, टोपी सारखी केली आणि गेले. पाणी न पिताच गेले, हे सुनीताच्या लक्षात आलं. माझ्या नाही. मी तेव्हा मनात स्टाफरूमचं भाषण जुळवत होतो.

परंड्याहून परत आलो तर लिंबू हिरवंगार. वर फुलंसुद्धा आली होती. मी पाय पसरून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागलो. पहिला बुधवार गेला, दुसरा गेला. सुनीता सवयीनं तीन कप चहा टाकायची आणि तिसरा मला प्यावा लागायचा. तिसऱ्या बुधवारी तिनं तो कप माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, जाऊन या. मी म्हटलं, कामात असतील. ती म्हणाली, कसल्या कामात? मी कप उचलला. तरी चार दिवस मी टाळलं आणि रविवारी सकाळी गेलो.

सांगायला लाज वाटते, पण तीन घरं सोडून राहणाऱ्या या माणसाच्या घरात दोन वर्षांत मी पहिल्यांदा पाय ठेवत होतो. त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली, हे मला माहीत होतं, जसं गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची, आणि खुर्चीवर घडी घातलेली पोती. बप्पा मागं परसात चाळणी घेऊन बसले होते. मला बघून ते इतके गडबडले की चाळणी हातातून पडली.

परसात एकच झाड होतं. टबात अंजीर, जाड, गर्द पानांचं. भर उन्हाळ्यात असं अंजीर मी पाहिलं नव्हतं. आता मी मातीतला जाणकार, म्हणून सवयीनं बोट घातलं. माती ओली होती. मी विचारलं, काल पाणी घातलं काय? बप्पा म्हणाले, न्हाय, मागच्या ऐतवाराच्या मागच्या ऐतवारी. म्हणजे चौदा दिवस. संत्र्याच्या चित्राच्या पिशवीला जे जमत होतं ते बप्पांना आधीपासूनच जमत होतं.

मग मला भिंत दिसली. परसाच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशानं सात ओळी लिहिल्या होत्या. सोमवार, डॉक्टरीणबाई, कच इतकी घमेली, गुळी इतकी. मंगळवार, स्टुडिओ. बुधवार, सर. माझ्या नावावरून एक आडवी रेघ मारली होती. शनिवारपर्यंत नावं होती आणि त्याखाली नुसतंच 'ऐतवार', पुढं काही नाही. नकाशे वाचायला शिकवणं हा माझा धंदा आहे, तरी ती भिंत वाचायला मला बराच वेळ लागला.

मी म्हटलं, "बप्पा, तुम्हाला पंधरा दिवसांची माती जमते. मग आम्हाला आठवड्याचीच का दिली?"

त्यांनी चाळणी उचलली, झटकली, पुन्हा खाली ठेवली. मग माझ्याकडं न बघता बोलले.

"ही गेली त्या साली सर, एका सकाळी गवळी आला. म्हनला, बप्पा दूध किती देऊ. मला सांगायचं हुतं, अर्धा लिटर. आवाजच निघंना. खाकरून बघितलं, तरी न्हाय. मग ध्यानात आलं, चार दिस झाले कुनासंगं एक सबूद बोललो न्हवतो. गवळी बी भ्याला, म्या बी भ्यालो." त्यांनी चाळणीत अडकलेला खडा काढला. "मग ठरिवलं, दिसाला एक घर करायचं. पर उगं कुनाच्या घरी जाऊन कसं बसावं? हातात काम पायजे. म्हनून हप्त्याची माती केली. सहा दिसाची केली तर लोक वैतागत्यात. आठ दिसाची केली की वार चुकतोय."

तर कोऱ्या कुंडीपुढं ते आठवडेच्या आठवडे याच हिशेबानं बसत होते.  मी त्यांना 'सुटलात' म्हणालो होतो, आणि तो शब्द मला आता कानात टोचत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला मी पुन्हा भिंतीकडं बघितलं.

"आणि रविवार?" मी विचारलं.

"ऐतवारी लोकांची आपली मानसं घरी असत्यात. त्यांच्या मधी जाऊ न्हाय."

माफी मागायला मी आलो नव्हतो, पण मागायला हवी होती. ते मला जमलं नाही. मी म्हटलं, बुधवारचा तिसरा कप मला प्यावा लागतो आणि त्यानं पित्त होतं, तेवढं तुम्ही येऊन बघा. आणि दुसरं, मला चिकू लावायचाय. रविवारचा.

बप्पांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमची ती पिशवीतली माती हाय की."

"संपली," मी म्हटलं. अर्धी पिशवी आमच्या जिन्याखाली होती आणि अजून आहे.

"चिकूला कोरी कुंडी दोन म्हैने ठिवावी लागंल," ते म्हणाले.

मी म्हटलं, ठेवू.

पुढच्या रविवारी साडेअकराला बप्पा हातगाड्यावर एक निळा ड्रम घेऊन आले. कमरेएवढा उंच. मी विचारलं, चिकूला एवढा लागतो? ते म्हणाले, चिकू मोठा हुतोय, पुढचं बघावं लागतंय. त्यांनी तळाशी खडी घातली, मग थरावर थर माती भरली, आणि सुनीताकडं पाणी मागितलं. तांब्यानं भागलं नाही, तीन बादल्या लागल्या. मग ते नेहमीसारखे उकिडवे बसले आणि घड्याळ डोळ्यांपाशी धरलं. मी त्यांच्या शेजारी बसलो. घरात सुनीता भाकरी थापत होती, त्याचा आवाज येत होता.

एवढ्या खोल मातीतून पाणी लवकर उतरणार नव्हतं, हे मलासुद्धा कळत होतं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आणि मग बप्पा बोलायला लागले. थेंब पडायच्या आधी बोललेले मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी बायकोचं सांगितलं. रस्त्याच्या कामावर तंबूत राहायचे तेव्हा तिनं रिकाम्या डांबराच्या पिंपात अंजीर लावलं होतं. काम पुढं सरकलं की पिंपही पुढं सरकायचं. त्याच झाडाची फांदी लावून परसातलं अंजीर केलंय. ते सांगत होते आणि घड्याळाचा हात हळूहळू गुडघ्यावर आला होता.

पहिला थेंब पडला तो मी पाहिला. मग दुसरा पडला, मग बारीक धार लागली आणि फरशीवर ओल पसरत माझ्या चपलेपर्यंत आली. मी चप्पल बाजूला घेतली आणि पिंपाला पाणी कोण घालायचं ते विचारलं. बप्पा सांगत राहिले.

बऱ्याच वेळानं सुनीतानं आतून हाक मारली, ताटं वाढलीत. बप्पांनी दचकून ड्रमखाली पाहिलं, मग घड्याळाकडं, मग माझ्याकडं.

"कवा उतरलं, सर?"

"आत्ताच," मी म्हटलं.

त्यांनी ओल्या फरशीवरून बोट फिरवलं. ओल किती जुनी आहे ते त्या बोटाला कळत असणारच. पण त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "हां ताई, आता आना पाणी."